स्वस्त फोनच्या अपडेटची शेवटची तारीख बॉक्सवर लिहा: मोबाईलच्या चिप बनवणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मी देवगडचा. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, दहा बाय बाराचा गाळा, २०११ पासून चालवतोय. तुम्ही मला ओळखत नाही पण मी तुम्हाला रोज भेटतो, बोर्डवरचा शील्डचा पत्रा उचलला की मायक्रोस्कोपखाली तुमचीच नावं दिसतात, कधी क्वालकॉम, कधी मीडियाटेक, कधी युनिसॉक. बाहेरून फोनच्या कंपन्या पंधरा-वीस असतील, आत बघितलं तर स्वस्त फोनात तुम्ही दोन-तीनच. म्हणून हे पत्र फोन कंपन्यांना न लिहिता तुम्हाला लिहितोय.

गेल्या जूनची गोष्ट सांगतो. बंदी सुरू झालेली, १ जून ते ३१ जुलै आमच्याकडे यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत, ट्रॉलर वर ओढून शाकारून ठेवलेले, आणि पाऊस असा की समोरचं दुकान दिसत नव्हतं. एक मावशी आली, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रुमाल, रुमालात फोन. पावसाळ्यात ती बाजारात सुकी मासळी घेऊन बसते, पुढ्यात क्यूआर कोडचा पुठ्ठा. म्हणाली, "रे, फोन बरो चलता, कॉल लागता, सगळा होता, पण ता पैशाचा उघडनाच नाय. गिऱ्हाईक म्हणता पैसे धाडलंय, पण ते इले काय नाय ता माका कसा कळतला?"

फोन बघितल्या बघितल्या ओळखला कारण २०१९ ला तिने भिशीच्या पैशातून तो माझ्याकडूनच घेतला होता. त्याची बॅटरी मी बदललेली, खाऱ्या हवेने चार्जिंगचा पोर्ट हिरवा पडला होता तो दोनदा बदललेला, डिस्प्लेला ओरखडा नाही, टच मख्खन. उघडून बघायची गरजच नव्हती. पेमेंटच्या ॲपने जुनं अँड्रॉइड चालवणं बंद केलं होतं, आणि त्या फोनला २०२० नंतर नवीन अँड्रॉइड आलंच नाही. ॲपवाल्यांना मी दोष देणार नाही, लोकांच्या बँकेचे पैसे आहेत, ज्या सिस्टीमला सिक्युरिटी अपडेट येत नाही तिच्यावर ते विश्वास कसा ठेवणार. पण मावशीला काय सांगू? मी फुगलेली बॅटरी काढतो, समुद्रात पडलेला सेट धुऊन जिवंत करतो, पॉवर आयसी, म्हणजे बोर्डला वीज वाटून देणारी छोटी चिप, उचलून दुसरा बसवतो, सीपीयू रिबॉल करतो, म्हणजे मुख्य चिप उचलून तिच्याखालचे सोल्डरचे गोळे नवे घालतो. हे मात्र मला करता येत नाही. बोर्ड ठणठणीत, आणि मी तिला सांगितलं की मावशी, नवीन घ्यावा लागेल. ती काहीच बोलली नाही, फोन परत रुमालात गुंडाळला आणि गेली. ते मला अजून सलतंय.

आता हा फोन असा का अडकला हे तुम्हाला माहितीये, पण हे पत्र बाकीचे पण वाचतील म्हणून सांगतो. अँड्रॉइड गूगल बनवतं, पण ते तसंच उचलून कुठल्याही फोनवर टाकता येत नाही. प्रत्येक चिपला तिचे ड्रायव्हर लागतात, फर्मवेअर लागतं, कॅमेऱ्याचं वेगळं, ग्राफिक्सचं वेगळं, नेटवर्क पकडणाऱ्या मोडेमचं वेगळं, हे सगळं चिप बनवणारा तयार करतो आणि यातलं बरंचसं बंद पेटीसारखं असतं, आत काय लिहिलंय ते फोन कंपनीलाही बदलता येत नाही. म्हणजे नवीन अँड्रॉइड आलं की आधी तुम्ही तुमचा भाग तयार करायचा, मग फोन कंपनी तिचा रंग चढवणार, मग तो माझ्या गिऱ्हाइकाच्या हातात येणार. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ बरोबर गूगलने ट्रेबल आणलं, तुमचा भाग आणि वरचं अँड्रॉइड वेगळं केलं, त्याने काम बरंच सोपं झालं हे खरं, पण तुमच्या भागात सापडलेलं सुरक्षेचं भोक बुजवायला तुम्हीच लागता. फोन कंपन्या कामचुकारपणा करतात तो करतातच, त्यांना मी सोडत नाहीये, पण साखळीची पहिली कडी तुमच्याकडे आहे आणि ती सुटली की पुढच्यांनी मनात आणलं तरी त्यांचे हात बांधलेले.

हे आजचं नाही. २०११ साली, मी दुकान टाकलं त्याच वर्षी, गॅलेक्सी नेक्सस आला होता, खुद्द गूगलचा फोन, आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ओमॅप चिप. २०१२ ला टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने मोबाईलच्या चिपांचा धंदा सोडला, आणि २०१३ ला अँड्रॉइड ४.४ आलं तेव्हा या फोनला ते मिळालं नाही. गूगलने सांगितलं की अपडेट द्यायची १८ महिन्यांची मुदत संपली, पण या धंद्यातल्या सगळ्यांना दिसत होतं की त्या चिपच्या मागे उभं राहणारं कोणी उरलेलं नाही. जिथे गूगलचा स्वतःचा फोन असा उघड्यावर पडतो तिथे आठ हजारांच्या सेटचं काय.

त्यानंतर ब्रॉडकॉमने २०१४ ला मोबाईल मोडेमचा धंदा सोडला, इंटेलने २०१६ ला फोनच्या चिपांमधून अंग काढलं, एनव्हिडिया पण फोन सोडून दुसरीकडे वळली. ॲपल स्वतःच्या चिपा स्वतःच्याच फोनात घालतं, सॅमसंग आणि गूगल त्यांच्या मोजक्या फोनांत. राहिलं कोण? तुम्ही. पूर्वी एखादी चिपवाली कंपनी वाईट वागली तर फोन कंपनी दुसरीकडे जाऊ शकत होती, आता जायचं कुठे? आणि तुमच्या तरी बहुतेक मोठ्या चिपा तैवानच्या त्या एकाच टीएसएमसीच्या कारखान्यांत बनतात, त्या कारखान्यांना लागणारं सगळ्यात बारीक कोरीवकामाचं मशीन जगात एकच डच कंपनी बनवते, एएसएमएल. इतका मोठा बाजार इतक्या थोड्या हातांत आलाय, आणि ज्याच्या हातात इतकं असतं त्याने जबाबदारीपण तेवढी घ्यायला नको का?

जास्त वर्षं सपोर्ट देता येत नाही असं म्हणू नका, कारण देता येतो हे करून दाखवलेलं आहे. नेदरलँड्सची फेअरफोन नावाची छोटी कंपनी, तिच्या दुसऱ्या मॉडेलमध्ये क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८०१ होती. अँड्रॉइड ७ च्या वेळेस त्या चिपला चिपवाल्यांकडून सपोर्ट नव्हता, तरी त्या लोकांनी स्वतः खपून ७ बसवलं, मग ९, मग १०, आणि २०१५ चा फोन मार्च २०२३ पर्यंत अपडेट देत चालवला. पुढे २०२३ च्या मॉडेलला तर त्यांनी नेहमीची मोबाईलची चिप घेतलीच नाही, कारखान्यांच्या मशीनसाठी असते तशी इंडस्ट्रियल चिप घेतली, क्वालकॉमचीच, फक्त एवढ्यासाठी की तिला सपोर्ट जास्त वर्षं मिळतो. मी हे वाचलं तेव्हा खूप वेळ विचार करत बसलो. म्हणजे कारखान्यातल्या मशीनला तुम्ही लांबचा शब्द देता, आणि माणसाच्या खिशातल्या फोनला देत नाही.

तुम्ही काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. गूगलने पिक्सेल ८ फोनपासून अपडेटची सात वर्षं दिली, सॅमसंगने एस२४ पासून सात दिली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये क्वालकॉम आणि गूगलने मिळून आठ वर्षांपर्यंत अपडेट देता येतील अशी सोय जाहीर केली. मनापासून आनंद झाला होता मला, दुकानात आलेल्या दोघा-तिघांना बोलावून वाचून दाखवलं. पण ती सोय स्नॅपड्रॅगन ८ एलिटपासून, म्हणजे ८ आणि ७ सिरीजच्या वरच्या चिपांना. जो माणूस ऐंशी हजारांचा फोन घेतो तो तसाही दोन-तीन वर्षांत बदलतो, आठ वर्षांची गरज ज्याला आहे तो स्वस्त चिपवाला, स्नॅपड्रॅगनच्या ४ सिरीजवाला, मीडियाटेकच्या हेलिओवाला, युनिसॉकवाला, आमच्याकडचा बागेत काम करणारा, खलाशी, आशाताई, एसटीचा कंडक्टर. ज्याला फोन जपून वापरायची सवय आहे त्यालाच सगळ्यात कमी वर्षं. हे उलटं आहे.

आणि युरोपचं बघा. २० जून २०२५ पासून तिथे नियम लागू झालाय, फोनचं ते मॉडेल बाजारात विकायचं थांबवल्यावर पुढे पाच वर्षं अपडेट द्यायचे, सात वर्षं स्पेअर पार्ट मिळाले पाहिजेत, बॅटरी ८०० वेळा चार्ज होऊनही ८० टक्के राहिली पाहिजे, बॅटरी किती टिकते आणि फोन दुरुस्त करायला किती सोपा ते लेबल लावून दाखवायचं, आणि हा नियम महागड्या फोनपुरता नाही, स्वस्त फोनलापण आहे. म्हणजे तुमची तीच स्वस्त चिप असलेला फोन तिकडे विकायचा तर तुम्हाला ते काम करावंच लागतंय. मग माझा साधा प्रश्न आहे, केलेलं काम इकडे का येत नाही? चिप तीच, ड्रायव्हर तेच, भोक तेच आणि ते बुजवणारं ठिगळपण तेच. खर्चाचं कारण तिथेच संपतं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने मे २०२५ मध्ये रिपेअरेबिलिटी इंडेक्सचा अहवाल दिलाय, फोन दुरुस्त करायला किती सोपा आहे याचे गुण द्यायचे असं त्यात आहे. सरकार काय करायचं ते करील, मी त्याची वाट बघत बसा असं तुम्हाला सांगत नाहीये, तुम्ही कायद्याआधी करून दाखवा.

आता धंद्याचं बोलतो, कारण तुम्ही धंदा करता आणि मीपण करतो. २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि स्टोरेजचे भाव चढलेत. रॅम बनवणाऱ्या जगात मुख्य तीनच कंपन्या, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि त्यांनी एआयच्या सर्व्हरला लागणाऱ्या भारी मेमरीकडे कारखाने वळवले, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. याचा मार महागड्या फोनला कमी आणि स्वस्त फोनला जास्त बसतो, कारण स्वस्त फोनच्या किमतीत मेमरीचा वाटा मोठा असतो. माझ्याकडे तर दिसतंच, गेल्या वर्षी ज्या सेटला लोक हसत पैसे द्यायचे त्याच टाइपचा सेट आता दीड-दोन हजारांनी वर गेलाय, माणूस किंमत ऐकतो, कुलूप लावल्यासारखा गप्प होतो आणि म्हणतो, "हयोच दुरुस्त कर मरे." माझ्या दुकानात नवीन सेटची विक्री कमी झालीये आणि दुरुस्ती वाढलीये, जुन्या सेटला तर मागणी इतकी की चांगला सेट काउंटरवर दोन दिवस टिकत नाही.

म्हणून मला वाटतं की पुढचा बाजार इथेच आहे. फोन आता इतका चांगला झालाय की नवीन घ्यायला कारण लागतं, आणि स्वस्त फोन स्वस्त राहिलेला नाही, मग लोक तोच फोन सहा-सात वर्षं वापरणार, एकाने वापरला की दुसरा घेणार, मुंबईतला भाऊ गणपतीला येताना आपला जुना फोन गावच्या आईला आणणार. त्या दुसऱ्या हातातल्या फोनमध्ये पण तुमचीच चिप आहे. तिला अपडेट असेल तर नवा फोन घेणारा माणूसपण तुमची चिप बघून घेईल, कारण विकताना किंमत येईल. आज आमच्याकडे जुनी गाडी घेताना लोक इंजिन कुठलं विचारतात ना, तसं मी आता जुना फोन घेताना चिपचा नंबर आणि तिचं शेवटचं अपडेट बघतो, आणि ज्या चिपला अपडेट थांबलंय त्याला निम्मा भाव देतो. अपडेटसाठी पैसे लागतात हे मला कळतं. ते पहिल्याच दिवशी किमतीत धरा, फोनमागे शे-दोनशे रुपये जास्त घ्या आणि सांगून घ्या. मी माझ्या गिऱ्हाइकाला समजावीन, माझी जबाबदारी.

स्वस्तात चांगलं देता येत नाही हेपण मी मानत नाही. जानेवारी २०२० मध्ये क्वालकॉमने ७२०जी, ६६२ आणि ४६० अशा तीन चिपा आणल्या आणि तिन्हींत आपल्या इस्रोच्या नाविकचा, म्हणजे जीपीएससारख्या आपल्या सिस्टीमचा, सपोर्ट दिला, त्यातली ४६० तर अगदी खालची होती. जुलै २०२४ ला दिल्लीत ४एस जेन २ दाखवली, खास स्वस्त ५जी फोनसाठी, आणि नोव्हेंबरमध्ये तिचा फोन साडेआठ हजारांच्या आत आलापण. ठरवलं की होतं. मग सपोर्टचं तेवढं ठरवायचं राहिलंय.

आणि आमच्या किनाऱ्यावर हा चैनीचा विषय नाही, हे नीट ऐका. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आदळलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आमच्या अंगावरून घासत गेलं. वादळाचा इशारा आता फोनवर जोरात वाजवायची सिस्टीम आलीये, सेल ब्रॉडकास्ट, २०२३ ला तिच्या टेस्टिंगच्या वेळी दुकानातले सगळे फोन एकदम कोकलले होते तेव्हा मी स्वतः ऐकलंय, आणि काही जुने सेट गप्प बसले होते तेही बघितलंय. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी होड्यांसाठी एक लाख ट्रान्सपाँडरची योजना सुरू झाली, होडी रेंजच्या बाहेर गेली तरी सॅटेलाइटवरून मेसेज जातो-येतो, आणि ते मेसेज ब्लूटूथने मोबाईलच्या ॲपवर वाचायचे. म्हणजे पेटी सरकार देणार, सॅटेलाइट इस्रोचा, आणि शेवटचा दुवा खलाशाच्या हातातला सहा वर्षांचा फोन. ॲप उद्या म्हणालं की तुमचं अँड्रॉइड जुनं झालं, तर समुद्रात तीस-चाळीस किलोमीटर आत असलेल्या माणसाने काय करायचं?

पार्टबद्दल थोडं बोलतो, थोडंच, नाहीतर पत्र संपायचं नाही. इकडे जून ते सप्टेंबर ओल आणि वर्षभर खारं वारं, बॉक्सवर पाण्याचं रेटिंग लिहिलेलं असतं ते गोड्या पाण्यातल्या टेस्टचं, खाऱ्या पाण्याचं नाही. मीठ शील्डखाली शिरतं आणि सगळ्यात आधी खातं ते पॉवर आयसीच्या आसपासचं. तो आयसी नवा मला कोणी विकत नाही. मुंबईला मनीष मार्केटमधून मागवायचा, एसटीच्या पार्सलने दोन दिवसांनी येतो, आणि येतो तो कुठल्यातरी मेलेल्या बोर्डवरून उचललेला, चालला तर चालला. बोर्डचा नकाशा इंटरनेटवर चोरून फिरणाऱ्या फाइलमध्ये बघायचा. मी पंधरा वर्षं प्रामाणिकपणे काम करतोय आणि माझ्या कामाचा कागद मला चोराकडून घ्यावा लागतो. दुकानात पोरं विचारतात, गुजरातला धोलेऱ्याला टाटांचा चिपचा कारखाना येतोय, ९१ हजार कोटींचा, मग फोन स्वस्त होणार ना? मी सांगतो, बाबांनो, तिथे २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड काम होणार, फोनचा मुख्य मेंदू तीन-चार नॅनोमीटरचा तो नाही बनणार तिथे. पण पॉवर आयसी, डिस्प्लेचे ड्रायव्हर हे बनणार आहेत, आणि माझी सगळी आशा त्यावरच आहे. इथे बनलेला पॉवर आयसी सीलबंद पाकिटात, बिलासकट, देवगडच्या दुकानदाराला विकत मिळाला पाहिजे. हे टाटांनापण सांगणं आहे.

तर माझं मागणं काय, ते सरळ सांगतो. फोनच्या बॉक्सवर एमआरपी असते ना, तिच्या शेजारी एक तारीख छापा, या चिपला सिक्युरिटी अपडेट अमुक महिना अमुक सालापर्यंत मिळतील. वर्षं नका लिहू, तारीख लिहा, कारण वर्षं कधीपासून मोजायची यातच फसवणूक होते, फोन लाँच झाल्यापासून मोजतात आणि आमच्याकडे तो दीड वर्षाने स्वस्त झाल्यावर पोचतो. ती तारीख आठ हजारांच्या फोनलापण निदान सात वर्षं पुढची असू दे. आणि ज्या दिवशी तुम्ही हात काढून घ्याल त्या दिवशी त्या चिपचं जेवढं उघडं करता येईल तेवढं उघडं करा, त्या फेअरफोनवाल्यांसारखं कोणीतरी पुढे चालवेल.

माझ्या दुकानात बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. त्यात आज ३७ फोन आहेत, लोक माझ्याकडेच टाकून गेलेले, त्यातले २२ चालू होतात, टच चालतो, कॉल लागतो, बोर्डला काही झालेलं नाही. मावशीचा पण त्यातच आहे, ऑगस्टमध्ये येऊन ठेवून गेली, म्हणाली कोणाक लागलो तर दी. या नारळी पौर्णिमेला दुकान बंद असतं, त्या दिवशी बसून मी बावीसच्या बावीस सेटची यादी करणार आहे, प्रत्येकाचा चिपचा नंबर, विकत घेतल्याचं साल, शेवटचं अपडेट आलं तो महिना. यादीत शेवटचा रकाना रिकामा असेल, ही चिप तुम्ही का सोडली, त्या कारणासाठी. ज्याची चिप त्याच्या भारतातल्या ऑफिसला मी ती स्पीड पोस्टाने पाठवतोय. रकाना भरून परत पाठवा, मी तो दुकानाच्या दारावर लावीन.

तुमचा,
देवगडचा एक मोबाईल रिपेअरवाला